पत्र्याआडचा घण

विंचूरच्या चौफुलीवर कुणालाही विचारा, केरूनानांची योगिनी कशी आहे? तो माणूस आधी मागे वळून बघेल, ती ऐकत तर नाही ना, आणि मग सांगेल की पोरगी कामाची आहे, पण राग सदा नाकावर. तो राग तिथे आला कुठून, हे मात्र कुणी सांगणार नाही. गावाला पोरीचं नाक दिसतं, बापाचं वागणं दिसत नाही. दिसलं तरी बापाकडे बोट दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून बोट पोरीकडेच जातं. मला विचाराल तर तिला राग आला नसता तरच मी तिला नावं ठेवली असती.

चौफुलीवरून लासलगावकडे वळलं की थोड्याच अंतरावर केरूनाना शिरसाठांचं दुकान आहे. काम एकच, गाड्यांचे पाटे. गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या ॲक्सलवर, पोलादी पट्ट्या एकावर एक रचून जी बाकदार चळत बांधलेली असते, ते पाटे. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. कांद्याच्या हंगामात पिकअपवाले गाडीच्या जिवावर उठल्यासारखा माल भरतात, पाट्यांचा बाक जातो, कधी पाटा तुटतो, आणि मग सगळे नानांच्या दारात येतात. पाटा ऐरणीवर आडवा धरायचा, घणाचे घाव घालत त्याला पुन्हा बाक द्यायचा, आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या रेघेशी तो जुळवून बघायचा. सांगायला सोपं आहे. घाव जास्त बसला तर पाटा महिनाभरात तुटतो आणि कमी बसला तर पंधरा दिवसांत पुन्हा सपाट होतो.

दुकानावरचा बोर्ड ‘संतोष कमान पाटे वर्क्स’. हा संतोष म्हणजे योगिनीचा धाकटा भाऊ. तो पुण्याला एका कंपनीत आहे आणि त्यानं जन्मात घण उचललेला नाही. दिवाळीला येतो, बोर्डाखाली उभा राहून फोटो काढतो आणि मोबाइलवर टाकतो की आमचा वडिलोपार्जित व्यवसाय. योगिनी तो फोटो बघते. त्या दिवशी ऐरणीवर घाव जरा जोरात पडतात, इतकंच.

होय, घाव तिचेच. आणि सगळी गोष्ट इथूनच बिघडते.

काही वर्षांपूर्वी एका ट्रकखालचा जॅक निसटला आणि नानांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, नाशिकच्या डॉक्टरनं पुन्हा बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना. घण उचलणं तर सोडाच, नानांना टोपी घालायलाही डावा हात लागू लागला. त्याच सुमारास योगिनी नाशिकच्या इंदिरानगरचं सासर सोडून माहेरी आली होती. नवऱ्याचं आणि तिचं फाटलं होतं. का फाटलं ते तिनं सांगितलं नाही आणि तिच्या आईनं, कुसाबाईनं, विचारलं नाही. दारात एक पिकअप अडून पडली होती, मालक डोक्यावर बसला होता. योगिनी लहानपणापासून ऐरणीच्या कडेला बसून बापाचं काम बघत आलेली. तिनं घण उचलला आणि दुपारपर्यंत पाटे तयार केले. तसे पाटे खुद्द नानांनी चांगल्या काळात केले असते तर मिरवले असते.

नानांनी पोरीची पाठ थोपटली असेल असं वाटत असेल तर तुम्हाला नाना माहीत नाहीत. नानांनी दुसऱ्या दिवशी पत्रे आणले. ऐरणीच्या पुढे आडोसा उभा केला. तेव्हापासूनची रीत अशी की गिऱ्हाईक आलं की नाना त्याच्याशी बोलायचे, पाटा उचलून पत्र्याआड न्यायचे आणि एकदा खोकायचे. खोकला ऐकला की योगिनी मागच्या दारानं आत यायची. मग घणाचे घाव सुरू. बाहेर बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक मान डोलवायचं, नानांचा हात या वयातही काय चालतोय म्हणायचं. घाव थांबले की नाना तोंडावर पाण्याचा हात फिरवून, उपरण्यानं पुसत, दमल्यासारखे बाहेर यायचे. दमल्यासारखे! ती आत घामानं भिजलेली, तळहाताच्या फोडांवर हळद दाबून बसलेली, आणि बाहेर शाबासकी बापाला.

योगिनीनं हे सहन का केलं? तिला विचारलं तर ती म्हणते, सुरुवातीला कीव आली होती. धडधाकट माणसाचा हात जातो तेव्हा त्याच्या घरातले सगळे त्याच्यासाठी थोडं खोटं बोलतात. पण कीव कधी तरी संपते आणि खोटं तसंच राहतं. नाना आजारी माणसासारखे लाजून खोटं बोलत होते तोवर ठीक होतं. पुढे पुढे त्यांना ते खोटं खरंच वाटायला लागलं. जेवताना ते सांगू लागले, आज त्या आयशरचे पाटे काय जमलेत म्हणून सांगू, आणि समोर ताटावर बसलेली ती पोर ऐकत राहायची.

मग खैरनार आला. हा नाशिकच्या गंगापूर रोडचा, रंगाच्या दुकानाचा मालक. त्याच्याकडे एक जुनी जीप होती आणि त्याची एक मंडळी होती, दर रविवारी गाड्या घेऊन डोंगरात, ओढ्यात, दगडधोंड्यांत जाणारी. रस्ता सोडून गाडी चालवायची हौस. आपल्याकडे शेताला रस्ता नाही म्हणून माणसं तहसीलदाराकडे खेटे घालतात आणि ही मंडळी चांगला रस्ता सोडून नाल्यात उतरतात, असो. त्याला जीप चार इंच उचलून हवी होती. दगड खाली घासू नयेत, मोठी चाकं बसावीत. तयार सामान मिळतं, पण त्याच्या जुन्या जीपला ते नीट बसेना, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की विंचूरला एक म्हातारा आहे, तो हातानं पाटे बनवतो.

नाना खूश झाले. आयुष्यभर कांद्याच्या गाड्या केल्या, आता नाशिकहून साहेब लोक नाव काढत आले. त्यांनी लगेच होकार दिला.

योगिनीनं पत्र्याआडून सगळं ऐकलं होतं. खैरनार गेल्यावर तिनं नानांना सांगितलं की ही गाडी रिकामी चालते, आत एक माणूस, फार तर दोन. हिची उंची बाकातून काढायची, पाटे वाढवून नाही. उलट एखादा पाटा कमीच करायचा, म्हणजे चाक खड्ड्यात खाली उतरेल, दगडावर वर जाईल, गाडी जमीन धरून राहील. नानांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"रिकामी गाडी म्हंजी उपाशी माणूस," नाना म्हणाले. "उपाशी पोटाचं माप कुणी घेतं का? आधी भरायची, मंग मोजायची."

नानांचं हे सूत्र विंचूरपुरतं शंभर टक्के खरं होतं. आमच्याकडे गाडी रिकामी जातच नाही. जाताना कांदा, येताना खत, काही नसलं तर लग्नाचं वऱ्हाड. त्यामुळे नाना नेहमी गाडी भरून घेत, पाटे चढवत, आणि भरल्या गाडीची उंची मोजत. जीपच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. मागच्या बाजूला कांद्याच्या गोण्या रचल्या, तेवढ्या ओझ्याखाली चार इंच उंची येईपर्यंत पाटे वाढवले. योगिनीनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा नाना तिच्यावर ओरडले की पाटे मी शिकवतो का तू? ती गप्प बसली आणि त्यांनी सांगितलं तसे पाटे करून दिले. हे गप्प बसणं तिला पुढे फार डाचलं, म्हणजे अजूनही डाचतं.

गोण्या उतरवल्या तेव्हा जीप मागून इतकी वर आली की ती कुणाला वाकून नमस्कार करते आहे असं वाटावं. खैरनारला काय कळणार? त्याला ती उंच दिसली, रुबाबदार दिसली. त्यानं नानांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, नेमका त्या दुखऱ्या खांद्यावर, आणि नानांनी हसून दात दाखवले.

पुढच्याच रविवारी गंगापूर धरणाच्या पलीकडे एका नाल्यात जीप आडवी झाली. पाटे इतके ताठ की चाक खाली उतरेना, एक बाजू हवेत राहिली आणि गाडी कुशीवर गेली. खैरनारचं मनगट मुरगळलं, आरसा फुटला, दार चेपलं. सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या गाडीतल्या मित्रानं व्हिडिओ काढला आणि त्यांच्या ग्रुपवर टाकला. जीप एका दगडावरून दुसऱ्या दगडावर बेडकासारखी उडत होती आणि बघणारे पोट धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खैरनार जीप घेऊन आला. मनगटाला पट्टी, तोंड लाल. योगिनी मागच्या दारात भांडी घासत होती. त्यानं नानांना तो व्हिडिओ दाखवला आणि विचारलं की हे काय काम केलंत, माझी मान मोडली असती तर? नाना म्हातारे आहेत याची त्यानं भीड ठेवली नाही, आणि ठेवायची गरजही नव्हती. नानांनी मोबाइल परत दिला. मग त्यांनी जे म्हटलं ते योगिनीनं हातातल्या कढईसकट उभं राहून ऐकलं.

"साहेब, त्या दिवशी माझा खांदा भरून आला होता. म्हणून पोरीच्या हातात दिलं. योगिनी माझी पोरगी. तिनं घोळ घातला. आता मी सोता करून देतो."

इतकी वर्षं तिच्या घावांवर दुकान चाललं. शेकडो गाड्या गेल्या, कुणापुढे तिचं नाव निघालं नाही. आज पहिल्यांदा बापानं गिऱ्हाइकासमोर तिचं नाव घेतलं, आणि ते कशासाठी, तर स्वतःची चूक तिच्या पदरात टाकायला. तिच्या कानशिलात रक्त भरलं. ती पुढे निघाली तशी कुसाबाईनं तिचा हात धरला आणि गप्प राहा म्हणाली, बाप आहे, लोकांसमोर त्याची अब्रू घालवू नकोस.

"मपली घालवली त्यांनी आत्ताच," योगिनी म्हणाली. "ती कुनी मोजायची?"

कुसाबाईनं हात सोडला.

तेवढ्यात नानांनी हाक मारली, पाटे उतरव म्हणून, एखाद्या हाताखालच्या पोऱ्याला मारावी तशी. योगिनी गेली. तिनं जीप जॅकवर उचलली, खाली लाकडाचे जाड ठोकळे लावले, चाकं काढली, बोल्ट सोडवले आणि चारही बाजूंचे पाटे खाली घेतले. खैरनार बाकड्यावरून बघत होता आणि मधून मधून म्हणत होता की ताई, आता तरी तुम्ही हात लावू नका, नानांनाच करू द्या. तिनं मान हलवली. जीप ठोकळ्यांवर बसली आणि पाट्यांची चळत सुटी होऊन ऐरणीशेजारी पडली.

नानांनी डाव्या हातानं एक पाटा ओढत पत्र्याआड नेला. आणि खोकले.

योगिनीनं हात धुतले. कुसाबाईकडून चहाचा कप घेतला आणि मागच्या दारानं आत जाण्याऐवजी दुकानाच्या पुढे आली. खैरनारच्या समोर, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली आणि चहा प्यायला लागली.

नाना पुन्हा खोकले, जरा मोठ्यानं. खैरनारनं विचारलं, नानांना सर्दी झाली का? ती म्हणाली, नाही. घणाचा आवाज येईना. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेले, लिलावाला निघालेल्या पिकअप गेल्या, पत्र्याआड शांतता. खैरनारनं घड्याळ बघितलं, मग पत्र्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिसऱ्यांदा खोकला आला तेव्हा त्यात खोकला उरलाच नव्हता, ती विनवणीच होती. पण ती उठली नाही.

मग एक घाव पडला. डाव्या हातानं उचललेला, तिरका, हलका. कमानपाट्यांचं काम ज्यानं एकदाही ऐकलंय त्याला कळावं की हा घाव नव्हे. मागोमाग घण जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि नानांचा एक दबका हुंकार.

खैरनार उठायला लागला. "बसा," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की तो बसला.

नाना पत्र्याआडून बाहेर आले. या वेळी तोंडावर पाणी मारलेलं नव्हतं, खरा घाम होता. उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरला होता. ते खैरनारकडे बघेनात, तिच्याकडेही बघेनात, मधल्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले.

"साहेब, मपला खांदा जाऊन लय वर्सं झाली," नाना म्हणाले. "घण ही मारते. सगळ्या गाड्या हिनंच केल्यात."

खैरनारनं विचारलं, सगळ्या म्हणजे? ती विंचूरच्या आडतदाराची गाडी, ते ट्रक, ज्यांचं नाव ऐकून मी आलो ते? नानांनी मान हलवली. आणि आता बघा माणसाची तऱ्हा. हा माणूस ज्या कामाचं नाव ऐकून नाशिकहून आला होता ते काम कुणाचं ते त्याला कळलं, तर त्यानं काय करावं? तो म्हणाला, मग मी जरा विचार करतो, नाशिकमध्ये एक-दोघांना विचारून बघतो.

नानांनी झटकन योगिनीकडे बघितलं. त्या नजरेत सगळं होतं. बघ, म्हणून सांगत नव्हतो. बघ, पत्रे का लावले. तिला ते समजलं आणि तिचा संताप आणखीच वाढला, कारण बापाचं म्हणणं खोटं नव्हतं. गिऱ्हाईक असंच वागतं हे त्याला माहीत होतं. पण गिऱ्हाइकाशी भांडायचं सोडून त्यानं पोरीला झाकलं. ते सोपं होतं.

"घेऊन जा गाडी," ती खैरनारला म्हणाली.

खैरनारनं जीपकडे बघितलं. ती चाकांशिवाय, पाट्यांशिवाय लाकडाच्या ठोकळ्यांवर बसली होती. ती उचलून न्यायला क्रेन लागली असती, आणि क्रेननं नेलेली जीप त्या ग्रुपवाल्यांनी बघितली असती. तो हळूहळू बाकड्यावर परत टेकला. म्हणाला, नाही, तसं नाही, करा तुम्ही.

सगळ्यांना वाटलं, मिटलं. नाना ऐरणीकडे वळले, कुसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. योगिनी मात्र डब्यावरून हलली नाही. तिनं कप खाली ठेवला.

"आन् कांदे?" तिनं विचारलं.

नाना थांबले. खांद्याची गोष्ट सांगणं एक वेळ सोपं होतं. खांदा जॅकनं मोडला होता, देवानं मोडला होता, त्यात नानांचा काय दोष? कांद्यांचं तसं नव्हतं. पाट्यांच्या कामात आपलं चुकलं, आणि पोरीनं आधी सांगूनही चुकलं, हे म्हणायचं म्हणजे जन्मभर जे होतो तेच आता नाही असं म्हणण्यासारखं होतं. कुसाबाई मध्ये बोलायला गेली, योगिनीनं हात वर करून तिला थांबवलं. राहू दे ना आता, हे तिनं या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की आज ते शब्द आले असते तर तिनं कप फोडला असता.

"गोन्या मीच ठिवायला लावल्या, साहेब," नाना म्हणाले. आवाज इतका खाली होता की खैरनार पुढे वाकला. "ही नको म्हनत होती. दोनदा म्हनाली. मपली चूक."

योगिनी उठली. तिला वाटलं होतं हे ऐकलं की राग उतरेल, छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. राग होता तिथेच होता, फक्त आता तो घेऊन काम करता येईल इतका जागेवर बसला होता. ती पत्र्याआड गेली, पडलेला घण उचलला आणि ऐरणीवर पाटा आडवा टाकला. आधी तिनं नानांनी वाढवलेले पाटे चळतीतून वेगळे काढले. उरलेल्यांना एकेक करून बाक द्यायला घेतला. जीप रिकामीच होती आणि रिकामीच राहणार होती.

मोठा पाटा एकट्यानं धरून घाव घालता येत नाही, दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. नाना आपणहून आले आणि डाव्या हातानं टोक धरून उभे राहिले.

खैरनार पत्र्याच्या कडेला येऊन उभा राहिला. मग त्यानं नानांना विचारलं, "नाना, किती वेळ लागेल?"

"मला नका इचारू," नाना म्हणाले. "तिला इचारा."

खैरनार तिच्याकडे वळला. तिला काय म्हणून हाक मारावी ते त्याला सुचेना, मघाशी ताई म्हणून हात लावू नका म्हटलं होतं ते त्यालाही आठवलं असावं. योगिनीनं त्याला तसंच ताटकळत ठेवलं. घण डोक्यावर गेला, खाली आला, पाटा थरथरला आणि नानांच्या हातातलं टोक हललं.

"नाना," ती म्हणाली, "नीट धरा."